धार हवी, पण पाणी राखून

आपल्या भाषेत चांगल्या हत्याराला 'पाणी' असते. लोहार हत्याराला पाणी देतो. निष्काळजीपणाने ते तापले, तर त्याचे पाणी उतरते. रंध्याच्या पात्याला धार लावण्याचे विजेवरचे यंत्र कोणते घ्यावे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या जुन्या शब्दप्रयोगातच आहे.

हा प्रश्न आता अनेक शाळांपुढे येतो आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांबरोबर काम शिकावे, अशी कल्पना मांडलेली आहे. सुतारकाम म्हटले की रंधा आला, आणि रंधा आला की धार आली. बोथट पात्याने काम करणारा मुलगा जास्त जोर लावतो, हत्यार निसटते आणि इजा होते. शिवाय लाकडावर ओरखडे उठतात आणि 'हे आपल्याला जमत नाही' अशी त्याची समजूत होते ती वेगळीच. मग धार लावायचे यंत्र आणायचे ठरते. दुकानदार दोन आकडे सांगतो. मोटर किती अश्वशक्तीची आणि मिनिटाला फेरे किती. हे दोन्ही आकडे जितके मोठे तितके यंत्र चांगले, असे आपल्याला वाटते. पात्याच्या बाबतीत ते खरे नाही. का, ते पाहू या.

आधी पाते पाहा

रंध्याची पाती मुख्यतः तीन प्रकारची असतात. हातरंध्याचे पाते सुमारे ५० मिलिमीटर रुंद असते. विजेवर चालणाऱ्या हातातल्या रंध्याची पाती बहुधा ८२ मिलिमीटर लांब असतात. कार्यशाळेतल्या मोठ्या प्लेनरची पाती ३०० मिलिमीटर किंवा त्याहूनही लांब असतात आणि फिरणाऱ्या एकाच दांड्यावर अशी दोन, तीन किंवा चार पाती बसवलेली असतात.

पाते कशाचे आहे हेही महत्त्वाचे. हातरंध्याचे जुने पाते बहुधा जास्त कार्बनच्या पोलादाचे असते. प्लेनरची पाती बहुतेक वेळा हायस्पीड पोलादाची, आणि काही पाती टंगस्टन कार्बाइडची असतात. अमेरिकेतल्या बेथलहेम स्टील कंपनीत फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी १८९८ ते १९०० या काळात हायस्पीड पोलाद विकसित केले. त्याच्या एका जुन्या प्रकारात १८ टक्के टंगस्टन, ४ टक्के क्रोमियम आणि १ टक्का व्हॅनेडियम असते. साधे पोलाद २०० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ होऊ लागते, तर हे पोलाद ५०० अंशांनाही आपला कठीणपणा टिकवते.

हातातले पाते कोणत्या पोलादाचे आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे. ग्राइंडरला क्षणभर टेकवल्यावर साध्या कार्बन पोलादाच्या ठिणग्या पिवळसर पांढऱ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या असतात. हायस्पीड पोलादाच्या ठिणग्या मंद तांबूस असतात आणि फारशा फुटत नाहीत.

धार म्हणजे काय?

धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेषा. हातरंध्याच्या पात्याची एक बाजू सपाट असते आणि दुसऱ्या बाजूला उतार असतो. यंत्रावर हा उतार साधारण २५ अंशांचा करतात आणि मग बारीक दगडावर फक्त टोकाशी ३० अंशांची अरुंद पट्टी काढतात. यंत्रातल्या पात्यांचा कोन जास्त, बहुधा ३५ ते ४५ अंश असतो, कारण त्यांना दर सेकंदाला कितीतरी वेळा लाकडावर आपटायचे असते.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. यंत्र फक्त उताराला आकार देते. त्यातून धारेवर धातूची एक बारीक झालर उलटते. ती काढणे आणि सपाट बाजू आरशासारखी करणे, हे काम बारीक निसण्यावरच होते. म्हणून खरेदीच्या यादीत पहिली वस्तू निसणा आणि दुसरी यंत्र, असा क्रम ठेवावा.

उष्णता जाते कुठे?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. दगड पोलाद खरवडतो तेव्हा मोटरच्या कामाचा बराच मोठा भाग उष्णतेत बदलतो. या उष्णतेचा काही भाग ठिणग्यांबरोबर जातो, काही दगडात जातो आणि काही पात्यात शिरतो. पात्याचे टोक इतके पातळ असते की उष्णता साठवायला तिथे धातूच नसतो.

हे गणित वर्गात करता येईल. धारेचा कोन ३० अंश आणि दगडाला टेकलेली रुंदी २० मिलिमीटर धरा. धारेपासून १ मिलिमीटर आतपर्यंतच्या पाचरीचे घनफळ सुमारे ५.८ घनमिलिमीटर भरते. पोलादाची घनता दर घनसेंटिमीटरला ७.८ ग्रॅम. म्हणजे या पाचरीचे वस्तुमान अवघे ०.०४५ ग्रॅम झाले. पोलादाची विशिष्ट उष्णता दर ग्रॅमला दर अंशाला सुमारे ०.४८ जूल आहे. तेव्हा ही पाचर २०० अंशांनी तापवायला फक्त ४.३ जूल पुरतात. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर सेकंदाला ३७३ जूल काम करू शकते. त्याचा दहावा हिस्सा जरी टोकात शिरला असे मानले, तरी सेकंदाच्या आठव्या भागात काम तमाम! प्रत्यक्षात थोडी उष्णता पात्याच्या अंगात वाहून जाते, त्यामुळे वेळ जरा जास्त मिळतो. पण 'बघता बघता धार निळी पडली' असे कारागीर म्हणतात ते का, हे यावरून कळते.

आता पाण्याचा एक थेंब घ्या. तो ०.०५ ग्रॅमचा आहे असे समजा. ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापून त्याची वाफ व्हायला सुमारे १३० जूल लागतात. धारेचा नाश करणारी उष्णता ४ जूल आणि एका थेंबाची शोषून घेण्याची क्षमता १३० जूल! दगडावर पाणी वाहत असेल तर धार १०० अंशांच्या फारशी पुढे जाऊच शकत नाही. पाणी हा यंत्राचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी भाग आहे.

करून पाहा

गोणपाट शिवायची जाड पोलादी सुई घ्या. ती पॉलिश पेपरने चकचकीत करा. डोळ्यांवर चष्मा लावा आणि सुई पक्कडीत धरून तिचे एक टोक स्पिरिटच्या दिव्यावर हळूहळू तापवा. टोकाकडून रंगांचे पट्टे सरकताना दिसतील. आधी फिकट पिवळा (सुमारे २२० ते २३० अंश), मग तपकिरी (२६० च्या आसपास), जांभळा (२८०) आणि शेवटी निळा (३००). हे रंग पोलादाचे नाहीत. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर जमतो आणि रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगात दिसतात तसे प्रकाशाच्या व्यतिकरणाचे हे रंग असतात. थर जाड होत जातो तसा रंग बदलतो.

आता दुसरी सुई कापडात गुंडाळून पक्कडीने वाकवा. ती काडकन मोडेल. तिसरी सुई लालभडक तापवून राखेत सावकाश निववा आणि मग वाकवा. ती तारेसारखी वाकेल. हेच 'पाणी उतरणे'. निळे पडलेले पाते घासून पुन्हा पांढरे करता येते, पण त्याचे पाणी परत येत नाही. निळा भाग पूर्ण घासून टाकल्याशिवाय ते पाते कामाचे नाही.

चार यंत्रे, चार वेग

मिनिटाचे फेरे सांगितले की वेग कळला असे होत नाही. दगडाची कड पात्यावरून किती वेगाने सरकते ते महत्त्वाचे, आणि ते व्यासावरही अवलंबून असते. सूत्र सोपे आहे. व्यासाला ३.१४ ने आणि सेकंदाच्या फेऱ्यांनी गुणा.

पहिले यंत्र नेहमीचा कोरडा बेंच ग्राइंडर. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दोन ध्रुवांची मोटर मिनिटाला जास्तीत जास्त ३००० आणि प्रत्यक्षात सुमारे २८५० फेरे फिरते. (परदेशी पुस्तकात ३४५० हा आकडा दिसला तर गोंधळू नका. तो ६० हर्ट्झच्या विजेचा आहे.) १५० मिलिमीटर व्यासाच्या दगडाच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर येतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटर.

दुसरे, चार ध्रुवांच्या मोटरचा कमी वेगाचा ग्राइंडर. त्याचे फेरे सुमारे १४४० असतात. २०० मिलिमीटर दगडाला सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर.

तिसरे, आडव्या दगडाचे पाण्यावरचे यंत्र. जपानच्या माकिता कंपनीच्या ९८२०-२ या यंत्रात २०० मिलिमीटरचा दगड मिनिटाला ५६० फेरे फिरतो. बाहेरच्या कडेला ताशी सुमारे २१ किलोमीटर वेग होतो. यात दगड ताटासारखा आडवा फिरतो, वरून पाणी पडते आणि पाते त्याच्या सपाट तोंडावर टेकवतात. प्लेनरची लांब पाती धरण्यासाठी त्याला वेगळा धारक जोडता येतो.

चौथे, उभ्या दगडाचे संथ यंत्र. खालच्या भागाने तो दगड पाण्याच्या पन्हळीत बुडत फिरतो. स्वीडनमध्ये टॉर्ग्नी यान्सन यांनी १९७३ साली सुरू केलेल्या टॉर्मेक कंपनीची यंत्रे या जातीची आहेत. २५० मिलिमीटरचा दगड मिनिटाला ९० फेरे, म्हणजे ताशी ४ किलोमीटरच्या जरा वर. हा तर माणसाच्या चालण्याचा वेग झाला!

पहिले यंत्र भरधाव एस.टी., तर चौथे पायी चालणारा माणूस. धारेच्या पाण्याची काळजी असेल तर पायी चालणारा बरा. मग सगळ्यांनी चौथेच यंत्र का घेऊ नये? कारण संथ यंत्राने धातूही संथच निघतो.

किती धातू काढायचा आहे?

हातरंध्याचे पाते ५० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड आहे. नेहमीची धार लावताना कड ०.१ मिलिमीटर मागे न्यायची, तर १५ घनमिलिमीटर धातू काढावा लागतो. आता प्लेनरचे ३०० मिलिमीटर लांब आणि ३ मिलिमीटर जाड पाते घ्या. लाकडात राहिलेल्या खिळ्याने त्याला अर्ध्या मिलिमीटरची खाच पाडली आहे. खाच जाईपर्यंत सबंध कड मागे न्यायची म्हणजे ४५० घनमिलिमीटर, तीसपट! शिवाय अशी तीन पाती. म्हणजे नव्वदपट. संथ दगडावर हे काम करणाऱ्याचा धीर सुटतो, आणि धीर सुटला की तो पाते जोराने दाबतो.

लांब पाते धरणार कसे?

लांब पात्यासाठी यंत्राच्या वेगापेक्षाही ते कशात धरले जाते हे मोठे आहे. कड सरळ हवी आणि तिन्ही पाती सारखी हवीत. का?

प्लेनरचा दांडा मिनिटाला ५००० फेरे फिरतो आणि पात्यांच्या टोकाचा व्यास १०० मिलिमीटर आहे असे धरा. टोकाशी असलेल्या प्रत्येक जादा ग्रॅमला वर्तुळात फिरत ठेवायला सुमारे १४ न्यूटन बल लागते. एक पाते दुसऱ्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त घासले गेले, तर वजनात साडेतीन ग्रॅमचा फरक पडतो. म्हणजे जवळजवळ ४८ न्यूटन. सुमारे पाच किलो वजनाएवढा हिसका, सेकंदाला ८३ वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेने! बेअरिंगे वाजू लागतात ती अशी. म्हणून तिन्ही पाती एकाच मांडणीत, एकामागून एक, सारखीच घासावीत आणि शेवटी तराजूवर तोलून पाहावीत.

आता लाकडाचे पाहा. फळी मिनिटाला ६ मीटर सरकत असेल आणि तिन्ही पाती सारखी कापत असतील, तर दोन कापांतले अंतर ०.४ मिलिमीटर पडते आणि पृष्ठभाग गुळगुळीत वाटतो. एकच पाते केसभर पुढे आले, तर शेवटचा हात त्या एकट्याचाच फिरतो आणि अंतर १.२ मिलिमीटर होते. फळीवर लाटा दिसू लागतात.

नुसत्या हाताने धरून ३०० मिलिमीटरचे पाते बेंच ग्राइंडरवर सरळ घासणे जवळजवळ अशक्य आहे. त्यासाठी सरळ रुळावर सरकणारा धारक असलेले यंत्र लागते. दगडाची गोलाईही ध्यानात घ्या. उभ्या दगडाच्या कडेवर घासलेला उतार किंचित खोलगट होतो. १५० मिलिमीटरच्या दगडावर ३० अंशांचा उतार काढला, तर अगदी टोकाशी कोन सुमारे २८ अंशच राहतो. २५० मिलिमीटरच्या दगडावर ही घट दीड अंशाच्या आतच असते. हातरंध्याला ही खोलगट सोयीची पडते, कारण निसण्यावर फक्त दोन कडाच टेकतात. आडव्या दगडाच्या तोंडावर मात्र उतार सपाट निघतो आणि टोकामागे धातूचा आधार जास्त राहतो. आपटा सोसणाऱ्या प्लेनरच्या पात्यांना तोच हवा.

दगडही निवडायचा असतो

पोलादासाठी पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दगड चांगला. दगडातले कण धरून ठेवणारा बंध जरा मऊ हवा. बोथट झालेले कण गळून नवे कण वर आले तर दगड थंडपणे कापतो. दगड चकचकीत दिसू लागला की समजावे, आता तो कापत नाही, नुसता घासून तापवतो. तेव्हा त्याचे तोंड सोलून घ्यावे. टंगस्टन कार्बाइडच्या पात्यांना मात्र हिऱ्याचे किंवा हिरव्या सिलिकॉन कार्बाइडचे चाक लागते.

मग पोलादासाठीही हिऱ्याचे चाक का नको? हिरा म्हणजे कार्बन. वेगवान कोरड्या घर्षणात तापलेले लोखंड हा कार्बन ओढून घेते आणि हिरा झिजतो. रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी १९५७ मध्ये घन बोरॉन नायट्राइड तयार केले, त्यात कार्बनच नसल्याने ही अडचण येत नाही. त्याचे चाक उष्णताही चटकन वाहून नेते. किंमत मात्र भारी.

हायस्पीड पोलादाबद्दल एक सूचना. ते उष्णता सोसते म्हणून कोरड्या दगडावर खूप तापवून मग एकदम पाण्यात बुडवू नका. अचानक आकुंचनाने कडेला बारीक चिरा पडतात. पाणी द्यायचे तर पहिल्यापासून अखंड द्या, नाहीतर हवेतच निवू द्या.

मग घ्यायचे कोणते?

शाळेत फक्त हातरंधे आणि पटाश्या असतील, तर पाण्यातले संथ यंत्र सर्वांत योग्य. पाते जळत नाही, ठिणग्या उडत नाहीत, धूळ पाण्यात बसते आणि शिक्षक शेजारी उभे असताना मोठी मुलेही ते वापरू शकतात. पैसे कमी असतील, तर हाताने फिरवायचा दगड, कोन धरून ठेवणारा साधा साचा आणि दोन निसणे यांवरही उत्तम काम होते. विजेचे यंत्र नसले म्हणून सुतारकाम अडत नाही.

विजेवरचा हातरंधाही असेल, तर त्याची ८२ मिलिमीटरची हायस्पीड पाती धारकात धरून त्याच संथ यंत्रावर लावता येतात. कार्बाइडची दुधारी पाती मात्र आधी उलटवून वापरावीत आणि दोन्ही धारा गेल्या की बदलावीत.

मोठा प्लेनर असेल आणि तो रोज चालत असेल, तर आडव्या दगडाचे पाण्यावरचे आणि सरकत्या धारकाचे यंत्र हवे. तो वर्षातून थोडेच दिवस चालणार असेल, तर यंत्र घेऊच नका. पात्यांचा दुसरा संच घ्या आणि बोथट संच धार लावून देणाऱ्या कारखान्याकडे पाठवा. कोरडा वेगवान ग्राइंडर कार्यशाळेत अनेक कामांना लागतो, पण रंध्याच्या पात्यासाठी तो शेवटचा पर्याय. वापरावाच लागला तर पांढरा दगड, हलका हात आणि क्षणभराचा स्पर्श. बोटाला चटका बसण्याआधी थांबायचे.

यंत्र कोणतेही असो, काही नियमांना सूट नाही. कोरडा दगड बसवण्यापूर्वी त्यावर लाकडी मूठ हलकेच आपटून पाहा. माठ विकत घेताना आपण टिचकी मारतो तसेच. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तडा असू शकतो, तो बसवू नका. दगडावर लिहिलेले कमाल फेरे मोटरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवेत. हत्यार टेकवायची पट्टी आणि दगड यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. चष्मा घाला, सैल बाह्या, ओढण्या आणि हातमोजे दूर ठेवा. उभ्या दगडाच्या बाजूवर पाते घासू नका. काम संपले की पाण्याच्या यंत्रातले पाणी काढा, नाहीतर दगडाचा बुडालेला भाग पाणी पिऊन जड होतो आणि दगड डुगडुगतो.

दुकानात गेल्यावर अश्वशक्तीच्या आधी तीन प्रश्न विचारा. दगडाच्या कडेचा वेग किती? पाण्याची सोय आहे का? आणि माझे पाते ज्यात सरळ बसेल असा धारक मिळेल का? यंत्र शाळेत आले की पहिले पाते लावायच्या आधी हीच गणिते मुलांकडून करवून घ्या. ज्याने ४.३ जूलचा हिशोब स्वतः मांडला आहे, तो पाते दगडावर दाबून धरणार नाही.